भरवशाचे मोल

२०२१ साली ‘फ्रेमवर्क’ या अमेरिकन कंपनीने आणलेल्या लॅपटॉपची बॅटरी, पडदा, कळफलक, फार काय मदरबोर्डही मालकाला सोबतच्या स्क्रूड्रायव्हरने बदलता येतो. तुल्यबळ यंत्रांहून त्याची किंमत अधिक. ती सार्थ ठरते काय?

तांब्या-पितळेची भांडी पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण कल्हईवाला दारी येत असे. तो येईनासा झाला आणि तीच भांडी माळ्यावर गेली. फ्रान्सने २०२१ पासून लॅपटॉपांना दुरुस्तीक्षमतेचे दहापैकी गुण देताना सुट्या भागांची उपलब्धता व किंमतही विचारात घेतली, ते उचितच होते. अधिक दाम मोजायचे ते उद्या भाग मिळेल या भरवशासाठी. दोन वर्षांत यंत्र बदलणाऱ्याला तो भरवसा महागच पडेल; एकाच यंत्रावर वर्षानुवर्षे प्रबंध, भाषांतरे, टिपणे सिद्ध करणाऱ्या अभ्यासकाला मात्र, कंपनी शब्दाला जागली तर, तो स्वस्त आहे.