न लागलेली जोड

फिलाडेल्फियाला जाणारा मनुष्य तिथली ती तडा गेलेली प्रसिद्ध घंटा पाहतो, अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा जिथे मंजूर झाला तो दिवाणखाना पाहतो आणि कृतार्थ होऊन परततो. २०१६ च्या ऑक्टोबरात आम्हीही हे सारे पाहिले. पण मी लेकीकडे न्यू जर्सीला गेलो तो मनात निराळाच बेत धरून. मला एक बंद पडलेली तालीम पाहायची होती!

"इतक्या लांब येऊन तालीम?" सौ. म्हणाली. तिचेही बरोबरच होते. मी जन्मात कधी जोर काढलेले तिने पाहिलेले नाहीत.

या वेडाचे मूळ आमच्या दादात आहे. गिरगावातल्या चाळीत जेवणे आटोपली की आम्ही दोघे भाऊ गॅलरीत बसत असू आणि दादा जोडी लावी. अमक्या पैलवानाची तमक्याशी कुस्ती झाली तर? पुढे १९७१ साली न्यूयॉर्कला जो फ्रेझरने महंमद अलीला पंधराव्या फेरीत खाली पाडून गुणांवर हरवले, आणि दादा मातीतून उठून मुष्टियुद्धात शिरला. तो अलीचा भक्त. तेव्हा मला फ्रेझरचा होणे भागच होते!

मौज अशी की या खेळात त्रैराशिक चालत नाही. फ्रेझरने अलीला हरवले. १९७३ च्या जानेवारीत जमेकात जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा लोळवले. मार्चमध्ये केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडून त्याला हरवले. दुसऱ्या वर्षी फोरमनने नॉर्टनलाही दोनच फेऱ्यांत झोपवले. मग फोरमनने अलीचे पीठच करायला हवे होते की नाही? पण १९७४ च्या ऑक्टोबरात किन्शासाला आठव्या फेरीत फोरमनच आडवा झाला!

या चौघांच्या आपापसातल्या साऱ्या जोडी लागल्या. एकच राहिली: फ्रेझर आणि नॉर्टन. दादा म्हणे नॉर्टन, मी म्हणे फ्रेझर. हा वाद आम्ही चाळीस वर्षे घातला. २०१५ साली दादा आजारी होता, तेव्हा फोनवर बारीक आवाजात त्याने विचारले, "काय रे, अजून फ्रेझरच?" मी म्हटले, "फ्रेझरच!" तो हसला. तेच आमचे शेवटचे बोलणे. एकदा 'बरे बाबा, नॉर्टन' म्हटले असते तर माझे काय जाणार होते? ही रुखरुख घेऊन मी तिथे गेलो होतो.

जावई आम्हाला आधी मोठ्या कलासंग्रहालयापाशी घेऊन गेले. तिथे रॉकीचा पुतळा आहे आणि त्याच्याबरोबर फोटो काढायला रांग लागते. हा रॉकी म्हणजे १९७६ च्या सिनेमातला मुष्टियोद्धा. तो हाडामासाचा कधी नव्हताच. सिनेमात तो खाटिकखान्यात टांगलेल्या मांसावर ठोसे मारतो. प्रत्यक्षात याच गावच्या खाटिकखान्यात नोकरी करताना तसे ठोसे मारी तो फ्रेझर! त्याचा पुतळा मात्र त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, २०१५ साली, गावाच्या दक्षिण टोकाला उभा राहिला.

सिटी हॉलच्या माथ्यावर विल्यम पेन उभा आहे. त्याच्या पायापासून ब्रॉड स्ट्रीट सरळ उत्तरेला जातो. विद्यापीठ मागे पडले की रस्त्याची श्रीमंती ओसरत जाते. आगगाडीच्या पुलाजवळ २९१७ क्रमांकाची तीन मजली इमारत दिसली. वर दगडात फ्रेझरचे नाव. २००८ साली तालीम बंद झाली आणि पुढे त्या जागेत फर्निचरचे दुकान निघाले. २०१३ साली सरकारने इमारतीची ऐतिहासिक वास्तूंत नोंद केली. वरच्या मजल्यावर उतारवयात फ्रेझर स्वतः राहत असे.

फुटपाथवर उभा राहून मी जावयांना जोड समजावून सांगितली. नॉर्टन सव्वासहा फूट, हात आडवे छातीशी धरून पुढे सरकणारा. पुढे चालत असेतोवर भारी. पण मागे रेटला की ढिला पडे. आणि फ्रेझर तर त्याच्याहून चार इंच बुटका, वाकून आत घुसणारा, डाव्या हाताचा हूक असा की अली पडला. म्हणून फ्रेझर! आता दादाची बाजू. फ्रेझर सुरुवातीला संथ. नॉर्टन तेवढ्यात गुण गोळा करील, आणि त्याच्यापाशी फोरमनचा एका ठोशात निकाल लावणारा हात नसला तरी दम मोठा. तर नॉर्टन!

"मग ही लढत झाली का नाही, बाबा?" जावयांनी विचारले.

"एडी फच हा दोघांचाही वस्ताद. नॉर्टन फ्रेझरचा सरावातला जोडीदार, आणि दोघांची दोस्ती."

सौ. इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "आणि ज्यांच्या लढती झाल्या त्यांचे काय झाले?"

मी सांगितले. १९७५ साली मनिलाला अलीने फ्रेझरचा उजवा डोळा बंद पाडला. डाव्याने त्याला आधीच नीट दिसत नव्हते, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले. चौदाव्या फेरीनंतर फचने त्याला उठूच दिले नाही. जिंकलेला अलीही धड उभा राहू शकत नव्हता. पुढे अलीला कंपवात जडला, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये तो गेला होता.

"मग ही एक जोड लागली नाही तेच बरे," ती म्हणाली. "दोघांचे हातपाय शाबूत राहिले, आणि तुम्हा भावांना चाळीस वर्षे बोलायला विषय झाला."

मी त्या दगडातल्या नावाकडे पाहत राहिलो. खरेच, लागलेल्या कुस्तीचा निकाल लागतो आणि माणसे आपापल्या घरी जातात. न लागलेल्या जोडीपुढे ती बसून राहतात. मी फोनवर 'नॉर्टन' म्हटले असते तर दादाला वाटले असते, याने आता मला आजारी माणूस ठरवले!

परत निघताना जावई हळूच म्हणाले, "बाबा, मला मात्र वाटते, नॉर्टनच."

मी ताबडतोब गाडीत पुढच्या सीटवर त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.