परतीपासून मोजलेली तयारी

उष्ण कटिबंधातील देशात वन्यप्राणी पाहायला निघालेल्या मराठी प्रवाशाची पहिली अडचण ही की, तो स्वतःच उष्ण कटिबंधात राहतो. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या पट्ट्याला उष्ण कटिबंध म्हणतात, आणि मुळशी तालुक्यातील कोळवण या पट्ट्यात चांगले आतवर, सुमारे साडेअठरा अंश उत्तरेला वसलेले आहे. त्यामुळे ऊन, चिखल, डास आणि साप यांच्यासोबतच लहानाचा मोठा झालेल्या माणसाला केनियासाठी वेगळी तयारी ती काय करायची, असे वाटणे स्वाभाविक ठरते. थंड प्रदेशांतील प्रवाशांसाठी लिहिलेली मार्गदर्शक पुस्तके उन्हापासून बचावावर पाने खर्च करतात, आणि ती वाचून ही समजूत अधिकच पक्की होते. २०२४ च्या सप्टेंबरात कोळवणातील ज्या शेतकरी कुटुंबाने मसाई मारा या केनियातील राखीव वनक्षेत्राचा प्रवास केला, आणि प्रस्तुत लेखिका ज्या कुटुंबाचा एक घटक आहे, त्या कुटुंबाचा अनुभव याहून निराळा होता: सवयीच्या गोष्टींची तयारी अंगवळणी पडलेलीच असते, आणि जी खरोखर करावी लागते तिचा मोठा भाग परत घरी येण्याशी निगडित असतो.

प्रवासाचा महिना ठरवणे हाच प्रथम पेच होता. टांझानियातील सेरेंगेटीच्या कुरणांतून येणारे विल्डबीस्ट या मोठ्या कुरंगांचे कळप साधारणतः जुलै ते ऑक्टोबर या काळात मारा नदीच्या परिसरात असतात, आणि नदी ओलांडणारे कळप पाहण्यासाठी जगभरातून लोक याच महिन्यांत येतात. कोळवण खोऱ्यात मात्र जुलै म्हणजे आवणीचा, भाताची रोपे चिखलात लावण्याचा महिना, आणि त्या दिवसांत घरातले कोणीही माणूस शेताबाहेर राहू शकत नाही. आवणीनंतर बेणणी म्हणजे तण काढणे, मग गणपती, आणि दिवाळीच्या सुमारास कापणी, असे वर्ष बांधलेले असल्याने मोकळी फट उरते ती अनंत चतुर्दशी ते कापणी यांच्या दरम्यानची, जिच्यात पितृपक्षही येतो. ‘पितरांच्या पंधरवड्यात परदेशी कशाला?’ हा घरातील आजींचा आक्षेप घरच्या तिथीचे श्राद्ध उरकून निघण्याच्या तोडग्यावर मिटला. तो हंगाम महागही होता: २०२४ पासून मसाई माराचे प्रवेशशुल्क परदेशी प्रौढ पर्यटकासाठी जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर असे आहे आणि ते बारा तासांपुरतेच असते, म्हणून सहल कंपनीच्या ‘सर्व खर्च समाविष्ट’ या शब्दांत हे शुल्क बसते की नाही, ते आगाऊ रक्कम देण्यापूर्वी लेखी विचारून घेणे शहाणपणाचे.

तयारीचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग पीतज्वराच्या लसीचा. पीतज्वर हा आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका या खंडांच्या उष्ण भागांत आढळणारा, डासांमार्फत पसरणारा विषाणूजन्य आजार आहे, तो भारतात नाही. परंतु तो शहरांत पसरवणारा एडिस जातीचा डास, म्हणजे डेंग्यू पसरवणारा तोच डास, आपल्याकडे घराघरांतल्या पिंपांत आणि टायरांत वाढतो. डास हजर आणि विषाणू गैरहजर अशी ही स्थिती असल्यामुळे विषाणू देशात शिरू न देणे एवढाच मार्ग भारतासमोर उरतो, आणि म्हणूनच या बाबतीत भारताचे नियम अनेक देशांहून कडक आहेत. भारतातून थेट आलेल्या प्रवाशाकडे केनिया या लसीचे प्रमाणपत्र मागत नाही. केनियातून परतणाऱ्याकडे ते भारत मागतो, आणि ते नसल्यास प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. (स्वस्त तिकिटाच्या मोहाने इथिओपियात दीर्घ थांबा घेऊन जाणाऱ्यांचे गणित आणखी वेगळे होते, कारण इथिओपिया पीतज्वराच्या यादीतला देश आहे.)

लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या मोजक्या केंद्रांतच ती टोचली जाते. कुपीतील कोरडी पूड द्रावकात मिसळल्यावर ती सहा तासांच्या आत संपवावी लागते आणि एका कुपीत अनेकांना पुरेल इतकी लस असते, म्हणून केंद्रे ठरावीक वारी, आधी नाव नोंदवलेल्या लोकांनाच बोलावतात. प्रमाणपत्र लस घेतल्याच्या दहाव्या दिवसानंतर वैध होते, तेव्हा शेवटच्या आठवड्यात जागा मिळूनही उपयोग होईलच असे नसते. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना ही लस देत नाहीत, आणि साठी ओलांडलेल्यांच्या बाबतीत दुष्परिणामांचा धोका अधिक असल्याने डॉक्टर चालू औषधे आणि जुनी दुखणी विचारून मगच निर्णय घेतात. या कुटुंबातील ज्येष्ठांना स्वतःच्या गोळ्यांची नावे सांगता येईनात, तेव्हा औषधांची रिकामी पाकिटेच डॉक्टरांसमोर टेबलावर मांडावी लागली.

मिळणारे प्रमाणपत्र ही पिवळ्या रंगाची छोटी पुस्तिका असते. तिच्यावर पारपत्राचा क्रमांक लिहिला जातो, म्हणजे पारपत्र आधी हाती हवे, आणि ते हाती येण्यासाठी पौडच्या पोलीस ठाण्याकडून पडताळणी व्हायला हवी. सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरे नाव असलेल्या ग्रामीण कुटुंबात नेमकी इथेच वेळ जातो. वडिलांचे नाव मधे घालण्याची मराठी पद्धत पारपत्राच्या रकान्यांत एका प्रकारे आणि विमानाच्या तिकिटावर दुसऱ्या प्रकारे बसते. म्हणून पिवळ्या पुस्तिकेवरील, तिकिटावरील आणि केनियाच्या ऑनलाइन प्रवास-परवान्यावरील नाव पारपत्राशी अक्षरशः जुळवून पाहण्याचे काम घरातील अकरावीच्या मुलीकडे सोपवले गेले, आणि तिने ते मोठ्यांपेक्षा चोख केले. २०१६ च्या जुलैपासून ही लस आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आयुष्यभरासाठी ग्राह्य धरली जाते. पुस्तिका त्यामुळे सातबाऱ्याच्या फाइलमध्ये जपून ठेवण्याच्या योग्यतेची ठरते.

थंडीविषयी फार कोणी सावध करत नाही. नैरोबी विषुववृत्ताच्या अगदी जवळ असले, तरी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७९५ मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च असलेल्या १,६४६ मीटरच्या कळसूबाई शिखराहूनही उंच. मसाई माराचे पठारही साधारणतः १,५०० मीटरच्या वरचेच. उजाडताना छप्पर उघडलेल्या गाडीतून उभ्याने जाताना जो वारा लागतो, त्याला पुण्याच्या बाजारात मिळणारे ‘सफारी’चे पातळ सुती कपडे पुरे पडत नाहीत, म्हणून स्वेटर, कानटोपी आणि एकावर एक घालता-काढता येतील असे कपडे हेच योग्य. रंगाचाही प्रश्न असतो: त्सेत्से नावाची चावरी माशी गडद निळ्या आणि काळ्या रंगांकडे ओढली जाते, इतकी की तिचे सापळेही त्याच रंगांच्या कापडाचे करतात. ताडोब्याला हौसेने घातले जाणारे लष्करी छापाचे कपडे तर घरीच ठेवावेत, कारण आफ्रिकेतील काही देशांत ते सामान्य नागरिकाने घालणे कायद्याने मना आहे.

सामानाला मर्यादा असते. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराकडे जाणाऱ्या छोट्या विमानांत माणशी हातातल्या पिशवीसह १५ किलो, तेही मऊ पिशवीत, एवढेच सामान चालते. चाकांची कडक बॅग त्यांच्या सामानकप्प्यात मावत नाही. केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे आणि संरक्षित क्षेत्रांत एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकवर २०२० पासून, त्यामुळे चिवडा आणि दशम्या स्टीलच्या डब्यांत आणि जुन्या धोतराच्या फडक्यांत बांधल्या गेल्या, ज्याचे आजींना अजिबात नवल वाटले नाही. गाडीत तिपाई मांडता येत नसल्याने कॅमेरा खिडकीवर टेकवण्यासाठी कडधान्य भरलेली पिशवी वापरतात. ती इथून भरून नेण्यात वजनाचा नाश, म्हणून खादीची दुहेरी शिलाईची, तोंडाला नाडी असलेली रिकामी पिशवी शिवून नेली आणि नैरोबीत राजमा विकत घेऊन भरली. परतताना तो राजमा गाडीच्या चालकाला दिला गेला.

दुर्बिणीबाबत एवढेच पुरे की, ८×४२ या आकड्यांतला पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये; त्याहून अधिक मोठे करून दाखवणारी दुर्बीण हातात हलते. तिचा सराव मात्र इथेच व्हायला हवा. वाळकी नदीच्या काठी, बांधावर उभे राहून टिटवी आणि खंड्या दुर्बिणीत पकडण्याचा सराव झालेल्या डोळ्याला गवतातला चित्ता हुडकणे सोपे जाते, कारण नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणण्याची हातोटी दोन्हीकडे एकच असते.

हिवतापाचे प्रकरण प्रवास संपल्यावरही चालू राहते. केनियातील हिवताप मुख्यतः फाल्सिपेरम या सर्वांत घातक परजीवीमुळे होतो, आणि त्याच्या प्रतिबंधक गोळ्या निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावरही घ्याव्या लागतात: ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असल्यास आठवडाभर, डॉक्सिसायक्लिन असल्यास चार आठवडे; कोणती घ्यायची, हे डॉक्टरने ठरवायचे. घरी आल्यावर कापणीच्या धांदलीत या गोळ्या विसरण्याची शक्यता सर्वाधिक असल्याने शेवटच्या गोळीची तारीख स्वयंपाकघरातील कालनिर्णयावर खूण करून ठेवली होती. गोळ्या घेऊनही ताप येऊ शकतो, आणि भाताच्या चिखलात काम करणाऱ्याला ऑक्टोबरात ताप आला की इथला डॉक्टर आधी डेंग्यू किंवा लेप्टोस्पायरोसिसचाच विचार करणार. म्हणून परतल्यानंतरच्या काही महिन्यांत कोणत्याही तापासाठी दवाखान्यात जाताना ‘आम्ही आफ्रिकेतून आलोय, रक्तात हिवतापही तपासा’ हे वाक्य न विचारता, सर्वांत आधी सांगायचे, असे घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवले गेले.