कलकत्त्याच्या भेड्या

गेल्या पौषांत आम्हांस कलकत्त्यास जाण्याचा योग आला. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासांत उतरलों होतों. बरोबर कुटुंब, धाकटी भावजय व आमच्या आत्याबाई. कालीघाट, दक्षिणेश्वर, बेलूर मठ हें सारें यथासांग झालें. त्यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. आम्हांस सांगावयाचें आहे तें एका निराळ्याच स्थळाविषयीं.

गोष्ट निघाली भाजीवरून. एका परिचित बंगाली गृहस्थांकडे पानांत आलेली फुलकोबी आत्याबाईंस फार आवडली. कोठली म्हणून पुसतां यजमानीणबाई सहज उत्तरल्या, "धाप्याची." धापा म्हणजे शहराच्या केरकचऱ्याचा उकिरडा, आणि त्याच्याच खतावर हे मळे पिकतात, हें कळलें तेव्हां आत्याबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला! परंतु दुसऱ्या दिवशीं तें स्थळ पाहण्याचा हट्टही त्यांनींच धरला.

शहराच्या पूर्वेस सुमारें १२,५०० हेक्टर दलदलीची भूमि पसरली आहे. पूर्वीं येथें बिद्याधरी नदीच्या भरतीचें खारें पाणी येई. नदी गाळानें मेली, तेव्हां तळेवाल्यांनीं शहराचें सांडपाणीच आंत घेऊन त्यांत मासे वाढविण्यास आरंभ केला. या तळ्यांस तेथें 'भेडी' म्हणतात.

बांधावर पाय ठेवतांना भावजयीनें नाकास लावलेला पदर थोड्याच अंतरावर आपोआप खालीं आला. समोर स्वच्छ हिरवें पाणी, त्यावर बगळे, आणि छातीभर पाण्यांत उभे राहून जाळें ओढणारे दहाबारा लोक. एका वृद्ध कामकऱ्यानें आम्हांस सर्व रीत समजावून दिली. कालव्याचें काळें पाणी भेडींत घेऊन कांहीं दिवस स्वस्थ ठेवतात. तळें उथळ असल्यानें ऊन खोलवर जातें. सूक्ष्म जंतु मळ कुजवितात, त्यावर शेवाळ पोसतें, आणि शेवाळानें सोडलेला प्राणवायु जंतूंच्या उपयोगीं पडतो. मग रोहू, कटला, मृगळ यांचीं पिल्लें सोडावयाचीं. त्यांचें अन्न पाण्यांत तयारच असतें! कडेनें जलपर्णीचा पट्टा राखतात, म्हणजे लाटांनीं बांध खचत नाहीं. आमच्याकडे जिला नदीची वैरीण म्हणतात तिला येथें पहारेकरी नेमलें आहे. हिवाळ्यांत तळें उपसून तळ उन्हांत वाळवितात. माशांखालचें पाणी पुढें भातशेतांस जातें.

परदेशीं अलीकडे टाक्यांत मासे पाळून त्यांच्या पाण्यावर भाजी काढतात. त्यास ॲक्वापॉनिक्स म्हणतात. तेथें पंपास वीज लागते. येथें बहुतेक काम सूर्यनारायणच करतो.

हें सारें ऐकून आत्याबाई म्हणाल्या, "मग आपल्या परसांतलें अळू कशावर वाढत होतें? न्हाणीच्या पाण्यावरच ना!" आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. तथापि न्हाणीच्या पाण्यांत कातडीं कमावण्याचीं रसायनें नव्हतीं, हेंही खरें. धाप्याच्या भाजींत शिशासारख्या धातूंचा अंश तपासण्यांत आढळलेला आहे, आणि तो दोष मळेवाल्याचा नसून वरून घाण सोडणाराचा आहे, असें आम्हांस वाटतें.

ध्रुबज्योति घोष नांवाचे सरकारी अभियंते १९८० च्या सुमारास शहराच्या सांडपाण्याचा माग काढीत येथें पोंचले, आणि पुढें २०१८ मध्यें निवर्तेपर्यंत या भूमीचेच होऊन राहिले. १९९२ सालीं उच्च न्यायालयानें भराव घालण्यास मनाई केली. २००२ मध्यें रामसारच्या आंतरराष्ट्रीय यादींत नांव आलें. २००६ मध्यें कायदा झाला. तरीही सॉल्ट लेकच्या ज्या इमारतींवरून आमची मोटार आली, त्या अशाच तळ्यांवर भर घालून उठलेल्या आहेत.

"मासीमा," वृद्ध आत्याबाईंस म्हणाला, "भेडी तयार करायला वर्षें लागतात. बुजवायला चार रात्रींच्या गाड्या पुरतात." त्याचा मुलगा शहरांत पहारेकऱ्याचें काम करतो, माशांत मन नाहीं म्हणतो.

परततांना वाटेवरच्या मळ्यांतून आत्याबाईंनीं दोन गड्डे घेतले. बिऱ्हाडीं येतांच त्यांनीं ते मिठाच्या पाण्यांत तीनदां धुतले, आणि भावजयीस आलें किसावयास सांगितलें.