हरलेल्या डावाचं देणं

आमच्या घरी पत्ते निघायचे ते दिवाळीत. तीन पत्तीत तीन पानं हातात पडली की पानांचा विषय संपला, मग फक्त किती ताणायचं तेवढं ठरवायचं. अजून न आलेल्या पानालाही किंमत असते आणि ती डॉलर-सेंटांत काढता येते, हे मला शिकवलं कॅलिफोर्नियातल्या एका फिलिपिनो म्हाताऱ्याने. टेबलावरचे सगळे त्यांना ‘मनाँग’ म्हणत, म्हणजे थोरले दादा. मीही तेच म्हणू लागलो.

गाव कोल्मा, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला. शहराने १९०० साली आपल्या हद्दीत दफन करायला बंदी घातली आणि कबरस्तानं इकडे आली. शेजारच्या डेली सिटीत फिलिपिनो वस्ती मोठी, त्यामुळे कोल्मातल्या आमच्या पत्त्यांच्या हॉलमध्ये इंग्रजीइतकंच तागालोग ऐकू यायचं. मनाँग अमेरिकी नौदलातून निवृत्त झालेले. फिलिपिन्सशी झालेल्या १९४७च्या करारानंतर नौदल फिलिपिनो तरुणांना भरती करून घेई, पण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेकांच्या वाट्याला अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये वाढप्याचं काम येई. मनाँगांनीही तेच केलं. पेन्शनमधली ठरावीक रक्कम ते महिन्याच्या सुरुवातीला वेगळ्या पाकिटात ठेवत. ती संपली की टेबलापाशी येत, गप्पा मारत, पण खुर्चीवर बसत नसत.

आमचा खेळ पोकरमधला, चार-आठचा लिमिट होल्डेम. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली, टेबलावर पाच उघडी, त्यांतून उत्तम पाच जुळवायची. पहिल्या दोन फेऱ्यांत बोली चार डॉलरच्या पटीत, शेवटच्या दोन फेऱ्यांत आठच्या. एका फेरीत एक बेट आणि तीन रेझ, त्यापुढे नाही. नो-लिमिटमध्ये कोणी सगळ्या चिप्स पुढे ढकलून तुम्हाला पळवून लावू शकतो. इथे ती सोय नाही, म्हणून अर्धवट जुळलेल्या हाताला इथे मोल.

एका संध्याकाळी माझा नंबर लागायचा होता, म्हणून मी त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसलो होतो. त्यांनी पानांचे कोपरे उचलून मला दाखवले: बदामचा एक्का आणि बदामचा गुलाम. चौघांनी चार-चार भरले. फ्लॉपची पहिली तीन उघडी पानं पडली, बदामची नव्वी, बदामची चौकी, किलवर सत्ती. एकाच रंगाच्या पाच पानांच्या फ्लशला एक बदाम कमी, हातात साधी जोडीसुद्धा नाही. पहिल्याने बेट लावली, दुसऱ्याने कॉल केलं. मनाँगांनी रेझ केलं. चौथ्याने पुन्हा वाढवलं, तर यांनी शेवटचाही रेझ मारून टाकला. प्रत्येकाचे सोळा डॉलर आत गेले.

मी कानाशी विचारलं, ‘‘मनाँग, पान लागेपर्यंत थांबायचं ना?’’

‘‘कशाला थांबू?’’ ते म्हणाले. ‘‘न दिसलेली पानं सत्तेचाळीस, त्यात बदाम नऊ. दोन पानं यायची आहेत. शंभरात पस्तीस वेळा मला बदाम लागतो. आणि पॉटमध्ये माझे पैसे किती? चारातला एक वाटा, पंचवीस. पंचवीस देऊन पस्तीस मिळत असतील तर दे की आणखी!’’

म्हणजे चौघांनी चार-चार टाकले की सोळा डॉलरमधले पाच डॉलर साठ सेंट सरासरीने त्यांचे. हाच हात एकट्या प्रतिस्पर्ध्यासमोर असता तर त्यांनी अर्धे घालून पस्तीसच टक्के मिळवले असते. तिथे समोरचा घाबरून पानं टाकेल अशी आशा असेल तरच रेझला अर्थ. गर्दी होती म्हणून तो रेझ डरकाळी नव्हती, नफ्याचा सौदा होता.

टर्नवर इस्पिक दुर्री. आता एकच पान उरलं, शेचाळिसांत नऊ, म्हणजे पाचातली जेमतेम एक संधी. पलीकडून आठची बेट आली. पॉटमध्ये ऐंशी होतेच, आठ भरून अठ्ठ्याऐंशी मिळवायचे. मनाँगांनी मुकाट कॉल केलं, रेझ नाही. ‘‘त्या टोकाच्याकडे एकसारखी तीन असतील तर बदामची सत्ती आणि दुर्री माझ्या कामाची नाही,’’ ते पुटपुटले. ‘‘टेबलावर जोडी पडून त्याचं फुल हाउस होईल. नवातले दोन वजा कर. सात धरून बघ, तरी भरायला परवडतंय.’’

रिव्हरवर किलवर राणी आली. मनाँगांनी पानं डीलरकडे सरकवली आणि ट्रेवरची आल्याचा वास येणारी भाताची पेज, आरोझ काल्दो, पुढे ओढली. चेहऱ्यावर हळहळ नाही की त्रागा नाही. ‘‘पैसे बरोबर जागी गेले,’’ एवढंच.

एड मिलर, डेव्हिड स्क्लान्स्की आणि मेसन मालमथ यांचं ‘स्मॉल स्टेक्स होल्डेम’ २००४ साली आलं. पुष्कळ खेळाडू असताना जोरदार ड्रॉ, म्हणजे पान लागलं तर मोठा होणारा अर्धवट हात, असेल तर पैसे वाढवावेत, हे त्यात रीतसर मांडलेलं आहे. मला ते पुस्तक उजळणीसारखं वाटलं. तोवर क्रिस मनीमेकरने २००३ची पोकरची जागतिक स्पर्धा जिंकून सगळ्या जगाला नो-लिमिटचं वेड लावलं होतं आणि लिमिटची टेबलं एकेक करून उठत होती.

मनाँगांनी शिकवणीबद्दल माझ्याकडून कधी कॉफीसुद्धा घेतली नाही. ‘‘तू समोर बसलास की तुझ्याकडून वसूल करीन,’’ म्हणायचे, आणि करायचेही. टेबलावर त्यांनी मला कधी सूट दिली नाही, आणि मला वाटतं त्यांच्या शिकवण्याचा अर्धा भाग तोच होता.

त्यांच्याकडे खिशात मावेल अशी डायरी असे. त्यात जिंकले-हरले यापेक्षा वेगळा एक रकाना होता: वाटा कमी असताना आपण किती पैसे घातले. त्या बदामच्या डावाची त्या रकान्यात नोंदच झाली नाही. मी तशीच डायरी ठेवतो. जिंकून आलेल्या रात्रीही तो रकाना आधी भरतो, आणि आकडा मोठा निघाला तर त्या जिंकण्याची फुशारकी कुणापुढे मारत नाही.