बारीक माणसाची चरबी



आमची उमरोळी म्हणजे पालघर आणि बोईसर यांच्या मधलं छोटं स्टेशन. सकाळी डहाणू लोकल आली की चढणाऱ्यांत तारापूर एमआयडीसीच्या ड्युटीवाल्यांची गर्दी जास्त. आमच्या शाळेतल्या बऱ्याच मुलांचे वडील असेच कंपनीत पाळीने जातात. शेती आहे, पण आता ती सुट्टीच्या दिवसाची झाली.

दहावीच्या विज्ञान भाग 2 मधला 'सजीवांतील जीवनप्रक्रिया' हा पाठ तुमच्यापैकी अनेक जण शिकवत असाल. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून 9 किलोकॅलरी ऊर्जा मिळते, मेदाम्लांपासून ॲसेटिल-को-एन्झाइम-ए तयार होतं वगैरे. तो शिकवताना मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "म्हणून जास्त खाऊ नका, जाड माणसाला डायबेटिस होतो." सगळा वर्ग वळून शेवटच्या बाकावरच्या एका मुलाकडे बघायला लागला. तो खाली मान घालून वहीत काहीतरी गिरवत राहिला. तेवढ्यात एका मुलीने हात वर केला. "सर, माझे पप्पा तर काडीसारखे आहेत. त्यांना गेल्या महिन्यात शुगर निघाली. मग?"

मी म्हणालो, "आनुवंशिक असेल." आणि पुढे गेलो.

त्या एका वाक्यात मी दोन मुलांना चुकीचं शिकवलं. नंतर कळलं, तिच्या वडिलांनी दोन आठवड्यांत गोळी बंद केली होती. कंपनीतल्या मित्रांनी सांगितलं, "तुझ्यासारख्या किडमिड्या माणसाला कसली शुगर? रिपोर्ट बदलला असेल कोणाचा तरी." मीही वेगळं काय सांगितलं होतं?

मग मी वाचायला बसलो. उत्तर आपल्याच राज्यात होतं, पुण्यात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघे शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय सारखाच, 22.3. म्हणजे तक्त्याप्रमाणे दोघेही सडपातळ. पण चरबी मोजली तर युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के! वजनकाट्यावर सारखे, आतून दुपटीहून जास्त फरक. (मुलांना हा किस्सा सांगून बघा, वर्ग गप्प होतो.)

हे जन्मापासूनच सुरू होतं असं याज्ञिकांच्या गटाला दिसलं. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपलं बाळ सगळीकडून लहान, स्नायू कमी, पण पाठीवर खांद्याखालच्या कातडीची चिमूट मोजली तर चरबी जवळजवळ तेवढीच.

आता मुख्य प्रश्न. चरबी असली म्हणून साखर का वाढावी? इथे मी वर्गात आपल्याकडची भाताची कणगी वापरतो.

चरबीची पेशी म्हणजे कणगी. जेवण जास्त झालं की उरलेली ऊर्जा तिथे साठवायची, उपास पडला की काढायची. कणगीला कुलूप असतं आणि किल्ली इन्सुलिनकडे. आपण मुलांना इन्सुलिन फक्त साखरेच्या संदर्भात शिकवतो, पण जेवणानंतर चरबी कणगीतून बाहेर पडू न देणं हेही त्याचंच काम आहे. कातडीखालच्या कणग्या, म्हणजे मांड्यांवरच्या, कंबरेखालच्या, तशा बिचाऱ्या निरुपद्रवी. भानगड होते त्या भरून वाहायला लागल्यावर. मग भात ओटीवर, चुलीपाशी, जागा मिळेल तिथे पडतो. शरीरात ही जागा म्हणजे पोटातल्या आतड्यांभोवती, यकृतात, स्नायूंत. ज्याची कणगीच लहान, त्याचं हे लवकर होतं. काडीसारख्या पप्पांचं उत्तर बहुधा इथे आहे.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. पेशी फुगत गेली की तिला प्राणवायू पुरत नाही, काही पेशी मरतात. मेलेलं उचलायला पांढऱ्या पेशींमधले 'मॅक्रोफेज' येतात आणि मेलेल्या पेशीभोवती कडं करून बसतात. 2003 मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी हे दाखवलं. कृश शरीराच्या चरबीत या पेशी दहा टक्क्यांच्या आत, खूप लठ्ठ माणसात चाळीस टक्क्यांच्या आसपास. त्याआधी 1993 मध्येच गोखन होतामिस्लिगिल आणि सहकाऱ्यांना लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा नावाचं दाह वाढवणारं प्रथिन सापडलं होतं. तोवर चरबी म्हणजे नुसतं कोठार, असंच बहुतेकांना वाटायचं.

पायात काटा मोडला की लाल होतं, सुजतं, ठणकतं. तो दाह दिसतो आणि काटा निघाला की जातो. चरबीतला दाह दिसत नाही, दुखत नाही आणि वर्षानुवर्षं चालतो. टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-6 अशी प्रथिनं रक्तात उतरतात आणि पेशीच्या आत इन्सुलिनचा निरोप अडवतात. निरोप पोचला नाही की स्नायू साखर नीट घेत नाहीत आणि यकृत साखर सोडत राहतं. कणगीचं कुलूपही सैल पडतं. त्यातून सुटलेली मेदाम्लं यकृतात जातात, तिथे पुन्हा चरबी होते आणि यातली काही मेदाम्लं मॅक्रोफेजना आणखी चिथावतात. म्हणजे चरबीमुळे दाह आणि दाहामुळे चरबी मोकाट. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' आणि रक्तात ट्रायग्लिसराइड हे दोन्ही साखरेच्या रिपोर्टसोबत का येतात ते इथे उलगडतं.

मात्र टीएनएफ अडवणारी औषधं माणसांना देऊन डायबेटिस काही बरा झाला नाही. चोर एकच असता तर कधीच पकडला असता.

आपल्या गावासाठी मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच. याज्ञिक-युडकिन यांच्याच गटाने 1999 साली दाखवलं, की रक्तातली ही दाहाची प्रथिनं शहरी भारतीयांत जास्त होती, खेड्यातल्यांत नाही. हे वाचलं आणि आमचं गाव डोळ्यांसमोर आलं. आजोबा भातखाचरात दिवसभर, नातू मशीनसमोर आठ तास उभा, वर रात्रपाळी. शाळेच्या डब्यात नाचणीची भाकरी बघून मला किती दिवस झाले!

पुढच्या तासाला मी वर्गात आधी शेवटच्या बाकावरच्या मुलाची माफी मागितली. सगळ्यांसमोर, कारण चूकही सगळ्यांसमोर झाली होती. "चालतंय सर," म्हणाला. मग घरचा अभ्यास दिला. उंचीएवढी दोरी घ्यायची, मधोमध दुमडायची आणि घरातल्या मोठ्या माणसाच्या कंबरेभोवती पुरते का बघायचं. शिक्षकांना कळकळीची विनंती, हे वर्गात मुलांवर करू नका. घरी, मोठ्यांवर, आणि आकडा वहीत लिहायचा नाही. आपल्याकडे पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि बायकांना 80 ही कंबरेची मर्यादा धरतात, पण टेप प्रत्येक घरात नसतो, दोरी असते.

मी स्वतः केलं. वजन 61 किलो, लोक मला 'मास्तर, काही खाता की नाही' विचारतात. दोरी चार बोटं कमी पडली. तेव्हापासून रात्री जेवल्यावर स्टेशनपर्यंत चालत जाऊन येतो, कारण चालणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर ओढून घेतो. बायको म्हणते, एवढं शिकवायला पुस्तक लागलं का?

पालकसभेला ती मुलगी वडिलांना घेऊन आली. माणूस खरंच काडीसारखा, शर्ट मात्र पोटावर ताणलेला. गुण वगैरे विचारायच्या आधीच म्हणाले, "सर, ती कणगीची भानगड काय आहे? पोरगी रोज दोरी घेऊन मागे लागलीय." मी त्यांच्याच प्रगतिपुस्तकामागे पेन्सिलने चित्र काढलं. त्यांनी ते नीट पाहिलं, मग खिशातून घडी केलेला नवा रिपोर्ट काढला. उपाशीपोटी 148. डायबेटिस ठरायला 126 पुरतात.

"म्हणजे रिपोर्ट बदलला नव्हता," ते म्हणाले. मुलगी म्हणाली, "गोळी कालपासून परत सुरू केलीय, सर. मी मोजून देते."