घर तिच्या ओळखीचं

एकट्या बाईच्या घरात रात्री कुणीतरी शिरतं आणि ती त्याला पुरून उरते, असल्या चित्रपटांचं मला कॉलेजपासून वेड आहे. दिवसभर राबून आल्यावर माणूस पुन्हा भीती कशाला ओढवून घेतो, असं घरचे विचारतात. पण मला त्यात भीतीहून जास्त दिसते ती तिला असलेली घराची माहिती. कुठलं दार पावसाळ्यात फुगतं, कुठली फरशी हलते, काडेपेटी कुठल्या फळीवर असते, हे शिरणाऱ्याला ठाऊक नसतं.

१९६७ च्या ‘वेट अन्टिल डार्क’मध्ये ऑड्री हेपबर्नची अंध नायिका हीच माहिती वापरते. अंधारात आपणच वरचढ आहोत, हे उमगताच ती घरातले दिवे फोडत सुटते. राहून जातो तो फ्रिजमधला दिवा. गुन्हेगार फ्रिजचं दार उघडतो आणि तेवढ्या उजेडानं डाव पालटतो. आजवर मी कितीतरी चित्रपटांत रक्त पाहिलं, पण त्या फ्रिजच्या उजेडाइतका धसका मला कशानंच दिला नाही.

हे वेड आलं कुठून, ते मला माहीत आहे. नेवासे तालुक्यात आमची वस्ती उसाच्या मधोमध होती आणि शेजारचं घर हाकेच्या पलीकडे. रात्रीची वीज असली की आजोबा उसाला पाणी द्यायला, दारं धरायला रानात जात. आजी आतून कडी लावी, अडसर सरकवी आणि मग दाराला टेकवून पितळी हंडा, हंड्यावर कळशी, कळशीवर तांब्या असं रचून ठेवी. दार बोटभर हललं तरी सगळं खणखणत खाली येणार. चुलीजवळचा तिखटाचा डबाही त्या रात्री उशाशी येई. एवढं झालं की ती निवांत झोपायची. जागी राहायचे मी. पुढं ‘हश’ (२०१६) पाहिला. त्यातली कर्णबधिर लेखिका धोक्याच्या घंटेचा कर्कश आवाज हल्लेखोरावर उलटवते. तो आवाज त्याला सोसत नाही, तिला ऐकूच येत नाही. मला आजीची कळशी आठवली.

आमच्याच तालुक्यात शनिशिंगणापूर. शनी राखण करतो या श्रद्धेनं तिथल्या घरांना परंपरेनं दारं नसतात. फार तर कुत्रं आत येऊ नये म्हणून फळी आडवी लावतात. २०११ मध्ये यूको बँकेनं तिथं कुलूप नसलेली शाखाही उघडली. आजी शनीला हात जोडायची, पण घरी आली की अडसर सरकवायचीच. तिला यात विसंगती वाटत नसे, मलाही वाटत नाही. मला सलत राहिलं ते वेगळंच. ज्या गावात घराला दार नाही, त्या गावात बाईला देवाचा चौथरा मात्र बंद होता. तो उघडला २०१६ च्या गुढीपाडव्याला, आंदोलन आणि उच्च न्यायालयाचा निकाल यांच्यानंतर.

हिंदीत या जातीचा मला सर्वांत आवडणारा चित्रपट राम गोपाल वर्माचा ‘कौन’ (१९९९). एक घर, धो धो पाऊस, तीन माणसं, गाणं एकही नाही आणि दाराच्या साखळीआड आपली ऊर्मिला मातोंडकर. शेवट सांगत नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी जरूर पाहावा.

पण या साऱ्यांची थोरली आमच्या नगरातच होऊन गेली. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तरी माझ्या तोंडी नगरच आहे. चांदबिबी हुसेन निजामशाहाची लेक. विजापूरच्या अली आदिलशाहाशी लग्न झालं, वैधव्य आलं आणि पुढं ती माहेरी परतली. नगरचा दगडी कोट तिच्या वडिलांनी बांधलेला. १५९५ च्या अखेरीस शाहजादा मुरादच्या मोगल फौजेनं किल्ल्याला वेढा दिला आणि तटाखाली सुरुंग खणले. बातमी आत पोचली. चांदबिबीच्या माणसांनी आतून खणत दोन सुरुंग शोधून काढले आणि दारू उपसून टाकली. तिसरा रिकामा करत असतानाच उडाला. सुमारे पन्नास यार्ड तट कोसळला. माणसं मागं हटली, तेव्हा अंगात चिलखत, हातात तलवार घेऊन ती स्वतः खिंडारावर आली. अंधार पडेपर्यंत हल्ले परतवले आणि रातोरात ते खिंडार बुजवून घेतलं. अखेर वऱ्हाड देऊन १५९६ मध्ये तह झाला.

१६०० मध्ये मोगल पुन्हा आले. किल्ला टिकणार नाही हे ओळखून तिनं वाटाघाटीचा विचार केला, तर फितुरीचा आळ घेऊन तिच्याच लोकांनी तिला महालात घुसून ठार केलं. मोगलांना जे जमलं नव्हतं, ते घरच्यांनी केलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये किल्ला पडला.

एक किल्ला, एक रात्र, एक खिंडार आणि तट कुठं पक्का, कुठं कच्चा हे जाणणारी एक बाई. यावर मराठीत एक थरारपट कुणीतरी करावा, ही माझी मनापासून विनंती आहे. लढाया आणि हत्ती थोडे कमी चालतील. तटाखाली कान देऊन सुरुंग शोधणारी माणसं आणि ती रात्र पुरी दाखवा. शेवट मात्र बदलू नका.