पुलावरचे ऊन

माउली, ज्यात ना देव ना संत, अशा एका चित्राविषयी आज लिहितो आहे. फ्रान्सच्या क्लोद मोने या चित्रकाराने १८७४ साली काढलेला आर्जांतय गावचा पूल. मूळ चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. माझ्याजवळ नातवाने दिलेली छापील प्रत. सेन नदी, शिडाच्या होड्या, उजवीकडे पूल आणि सगळ्यावर ऊन. पाणी जवळून पाहावे तर नुसते निळे-पिवळे फटकारे. हातभर दूर धरले की वाहू लागते. मोनेने एका होडीतच चित्रकामाची खोली थाटली होती. नदीत बसून नदी काढायची!

पण मी थांबलो तो पुलापाशी. १८७०-७१ साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध झाले, त्यात हा पूल पाडला गेला. मोने त्या काळात लंडनला गेला. त्याचा जिवलग मित्र बाझीय, तोही चित्रकार, सैन्यात भरती झाला आणि १८७० च्या नोव्हेंबरात रणात पडला. पुढे मोने आर्जांतयला राहावयास आला. १८७२ च्या त्याच्या एका चित्रात हाच पूल दुरुस्तीच्या परांचीत अडकलेला आहे. दोन वर्षांनी परांची नाही, ऊन आहे.

येथे कोणी शंका घेईल : मित्र गेला, देश हरला, आणि हा ऊन रंगवीत बसला?

ही शंका मी पूर्वी ऐकली आहे. आमच्या दिंडीत एक आजी होत्या. चैत्रात त्यांचा तरणा मुलगा गेला. आषाढात त्या वारीला आल्या आणि रिंगणात फुगडी घातली. बायका कुजबुजल्या. विसाव्याला आजी माझ्याजवळ टेकल्या. धाप अजून बसली नव्हती. एवढेच म्हणाल्या, "महाराज, त्यो असता तर माझ्यासंगं आलाच असता की." मी काही बोललो नाही. चाळीस वर्षे निरूपण करणाऱ्याला तेवढे गप्प बसता यावे.

मोनेच्या मनातले तो जाणे. मी त्याला वारकरी करीत नाही; दिसेल त्याच्या गळ्यात माळ घालण्याची खोड आम्हा कीर्तनकारांना असते खरी. पण हा पूल पडला होता हे कळल्यापासून त्यावरचे ऊन मला उथळ वाटत नाही. खांबांचे प्रतिबिंब पाण्यात तुटक तुटक पडले आहे. वर दोन्ही काठांची ये-जा पुन्हा सुरू झाली होती. ते त्याला उन्हात दिसले, त्याने काढले.